दिसणे, पाहणे आणि इंग्रजीतील 'ली'

इंग्रजी शिकताना आपल्यापैकी बहुतेकांनी एक नियम पाठ केला आहे : नामाविषयी अधिक माहिती सांगते ते विशेषण, क्रियापदाविषयी सांगते ते क्रियाविशेषण, आणि विशेषणाला 'ली' जोडले की सहसा क्रियाविशेषण होते. स्लो–स्लोली, बॅड–बॅडली. नियम खरा आहे. पण तो घोकलेला विद्यार्थीच 'द फ्लॉवर स्मेल्स स्वीटली' असे लिहून बसतो. तेथे 'स्वीट' हवे. क्रियापदानंतर आलेला शब्द क्रियापदाचाच असणार, ही समजूत त्याला फसवते.

आपल्या भाषांची सवयही वेगळी आहे. 'तो चांगला पोहतो', 'ती चांगली पोहते' : गुण पोहण्याचा, पण रूप बदलते कर्त्याप्रमाणे. शेजारच्या गुजरातीत तर उशीरही माणसाप्रमाणे बदलतो : 'हुं मोडो आव्यो', 'ए मोडी आवी'. मराठीत आपण 'उशिरा' म्हणून मोकळे होतो. म्हणजे शब्दाच्या रूपावरून तो कर्त्याचा की क्रियेचा, हे आपल्याकडे नेहमी कळत नाही. इंग्रजीत ते पुष्कळदा कळते.

तरीही या कोड्याची किल्ली मराठीतच आहे. इंग्रजी ज्या ठिकाणी एकच क्रियापद वापरते, तेथे मराठीत दोन आहेत :

लुक : दिसणे आणि पाहणे.
टेस्ट : (चवीला) लागणे आणि चाखणे.
स्मेल : वास येणे आणि वास घेणे.
फील : वाटणे आणि चाचपणे.

मराठीत पहिले क्रियापद येत असेल, तर इंग्रजीत विशेषण घ्या. दुसरे येत असेल, तर क्रियाविशेषण. आमटी चांगली लागते : 'टेस्ट्स गुड'. आचारी आमटी काळजीपूर्वक चाखतो : 'टेस्ट्स केअरफुली'. पडताळा हवा असेल, तर क्रियापदाच्या जागी 'इज' घालून पाहा. 'द फ्लॉवर इज स्वीट' जुळते, म्हणून विशेषण बरोबर. वाईट वाटते तेव्हाही 'आय फील बॅड' म्हणावे, 'बॅडली' नव्हे.

हा केवळ परीक्षेच्या गुणांचा प्रश्न नाही. कोयलीत गुजरात रिफायनरी 1965 मध्ये सुरू झाली, आणि या परिसरात अनेक प्रांतांची माणसे येऊन राहिली. रुग्ण मराठी, गुजराती, हिंदी कशातही बोलो, माझा केसपेपर इंग्रजीत असतो आणि प्रसंगी तो दुसऱ्या डॉक्टरांच्या हाती जातो. होमिओपॅथीत तर लक्षण नेमक्या शब्दांत टिपावे लागते. 'द पेशंट लुक्ड अँक्शस' म्हणजे रुग्ण चिंताक्रांत दिसत होता. 'लुक्ड अँक्शसली ॲट द डोअर' म्हणजे तो काळजीने दाराकडे पाहत होता. 'द वुंड स्मेल्स बॅड' म्हणजे जखमेला दुर्गंधी येते. 'ही स्मेल्स बॅडली' म्हणजे, काटेकोर अर्थाने, त्याला वास नीट घेता येत नाही. एक तक्रार जखमेची, दुसरी नाकाची.

'वेल' हा शब्द मात्र दोन्हीकडे चालतो. 'शी सिंग्ज वेल' येथे तो क्रियाविशेषण आहे. 'शी लुक्स वेल' येथे तो विशेषण असून अर्थ 'तिची प्रकृती बरी दिसते' असा होतो. 'शी लुक्स गुड' म्हणजे ती छान दिसते. परदेशी मुलाला आईच्या आजारपणाविषयी कळवताना हा फरक ध्यानात असू द्यावा.

काही शब्दांना 'ली' लावताच अर्थच पालटतो. 'लेट' म्हणजे उशिरा, 'लेटली' म्हणजे अलीकडे. 'ही वर्क्स हार्ड' म्हणजे तो खूप कष्ट करतो. 'ही हार्डली वर्क्स' म्हणजे तो जेमतेमच काम करतो. नातवासाठी शिफारसपत्र लिहिताना हे दोन अक्षरांचे अंतर त्याची नोकरी घालवू शकते.

तेव्हा 'ली' लावण्यापूर्वी वाक्य मनात मराठीत म्हणून पाहा. दिसते आहे की पाहतो आहे, लागते आहे की चाखतो आहे, याचे उत्तर मिळाले की इंग्रजी शब्दाची निवड सोपी होते.