विनोदवीर वजनकाट्यावर

इम्प्रोव्ह करणाऱ्या विनोदी कलाकारांचं जेवणाचं वेळापत्रक म्हणजे आहारतज्ज्ञाच्या डोक्याला ताप. अमेरिकेत हे काम करणाऱ्या बहुतेकांना पोटासाठी दिवसा दुसरी नोकरी करावी लागते. संध्याकाळी तालीम, रात्री प्रयोग आणि प्रयोग आटोपला की सगळी टोळी जवळच्या बारमध्ये. तिथे बिअर, तळलेले बटाटे, पिझ्झा आणि आज रंगमंचावर काय काय फसलं याची मध्यरात्र उलटेपर्यंत उजळणी. या नाटकाला संहिता नसते, नेपथ्य जवळपास नसतंच. प्रेक्षकांनी एखादा शब्द सुचवायचा आणि कलाकारांनी तिथल्या तिथे प्रवेश उभा करायचा. सगळी मदार शरीरावर. कुणी टेबल होतं, कुणी कुत्रा होतं, कुणाला दुसऱ्याला पाठुंगळी घेऊन धावावं लागतं. वजन वाढलंय हे काट्याआधी धाप लागल्यावरच कळतं.

अशा टोळीत कधीतरी कुणी टूम काढतं की दोन टीम पाडू आणि दहा-बारा आठवड्यांत कुणाचं वजन जास्त उतरतं ते पाहू. मग टीमना चक्रम नावं दिली जातात, काट्यावर चढताना सोंगं केली जातात आणि हरणाऱ्यांनी जिंकणाऱ्यांसमोर काहीतरी फजितीचं करून दाखवायचं, अशी पैज लागते. बाहेरून पाहणाऱ्याला हा पोरखेळ वाटेल. पण टीम पाडून वजन उतरवण्याच्या स्पर्धांचा अमेरिकेत बऱ्यापैकी अभ्यास झाला आहे, आणि त्यातून दिसतं ते असं की खेळ नीट मांडला तर वजन उतरतं. वाईट मांडला तर माणूस दुखावतो आणि वजन परत येतं, कधी कधी व्याजासकट.

विनोदाच्या धंद्यात तर हा विषय मुळातच नाजूक. लठ्ठ माणूस म्हणजे हमखास हशा, हे समीकरण रंगभूमीवर आणि पडद्यावर फार जुनं आहे. १९५९ मध्ये शिकागोत सुरू झालेल्या ‘द सेकंड सिटी’ या संस्थेने इम्प्रोव्हला घराघरांत पोहोचवणारे कलाकार घडवले. तिच्या टोरांटो शाखेतून पुढे आलेला जॉन कँडी १९९४ मध्ये, वयाच्या ४३व्या वर्षी, चित्रीकरणासाठी मेक्सिकोत गेला असताना हृदयविकाराने गेला. त्याचे वडीलही अवघ्या पस्तिशीत हृदयविकारानेच गेले होते. शिकागोच्या शाखेतला ख्रिस फार्ली १९९७ मध्ये ३३व्या वर्षी गेला. त्याच्या मृत्यूचं मुख्य कारण अमली पदार्थ होतं, पण त्याच्या रक्तवाहिन्याही त्या वयात अरुंद झालेल्या आढळल्या. फार्लीचा सर्वांत गाजलेला प्रवेश होता पिळदार देहाच्या नर्तकाशेजारी उघड्या पोटाने नाचण्याचा. लोक पोट धरून हसले. पुढे त्याच्याच काही सहकाऱ्यांनी त्या प्रवेशाबद्दल उघड नाराजी बोलून दाखवली. वजनाचा खेळ मांडणाऱ्या विनोदवीरांच्या मागे हा इतिहास उभा असतो.

आता टीमचं बघू. ऱ्होड आयलंड या छोट्याशा राज्यात १२ आठवड्यांची एक राज्यव्यापी मोहीम झाली होती. तीत ९८७ टीममधल्या, वजन प्रमाणाबाहेर असलेल्या ३,३३० जणांची माहिती संशोधकांनी तपासली आणि २०१२ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. त्यात एक गोष्ट ठळक दिसली. मूळ वजनाच्या ५ टक्के किंवा त्याहून जास्त वजन उतरवणारे लोक सगळ्या टीममध्ये सारखे विखुरलेले नव्हते, ते विशिष्ट टीममध्ये एकवटलेले होते. एकाच टीममधल्यांचं उतरलेलं वजनही साधारण एकमेकांच्या जवळपास होतं. सोबत्यांचा आपल्यावर प्रभाव पडतो असं जास्त ठामपणे सांगणाऱ्यांत ५ टक्क्यांचा टप्पा गाठण्याची शक्यता २० टक्क्यांनी वाढलेली होती. टीमच्या कप्तानांचं वजन तर इतरांपेक्षा अधिक उतरलं. जबाबदारी अंगावर पडली की माणूस समोशाकडे जरा वेगळ्या नजरेने बघत असावा.

हा ५ टक्क्यांचा आकडा डॉक्टर का धरून बसतात? एवढ्यानेही रक्तदाब, रक्तातली साखर आणि चरबी यांत फरक पडू लागतो. ८० किलोच्या माणसासाठी ते होतात फक्त ४ किलो. जाहिरातींतल्या ‘आधी’ आणि ‘नंतर’च्या छायाचित्रांत ते उठूनही दिसणार नाहीत.

पैजेचं काय? फिलाडेल्फियातल्या एका बालरुग्णालयातल्या १०५ कर्मचाऱ्यांवर झालेला प्रयोग २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. काहींना महिन्याचं उद्दिष्ट गाठलं की प्रत्येकी १०० डॉलर मिळत. इतरांचे पाच-पाच जणांचे गट केले होते आणि गटाचे ५०० डॉलर उद्दिष्ट गाठणाऱ्यांतच वाटले जात. म्हणजे बाकीचे चौघे घसरले तर सगळी रक्कम एकट्याची. २४ आठवड्यांनंतर गटातल्यांचं वजन एकेकट्यांपेक्षा सरासरी ३.२ किलोंनी जास्त उतरलेलं होतं. पैसे थांबल्यावर १२ आठवड्यांनी पाहिलं, तर दोघांतला फरक ठोसपणे सांगण्याजोगा उरला नव्हता. गंमत म्हणजे हे गट नावालाच गट होते, त्यांतले लोक एकमेकांना ओळखतही नव्हते.

याच्या शेजारी १९९९चा एक अभ्यास ठेवून पाहण्यासारखा आहे. त्यात काही जण एकटे आले होते, तर काही जण तीन मित्र किंवा नातेवाईक सोबत घेऊन. मित्रांसह आलेल्या आणि एकमेकांना आधार कसा द्यायचा हेही शिकवलेल्या लोकांपैकी ९५ टक्क्यांनी चार महिन्यांचा कार्यक्रम पूर्ण केला, आणि दहाव्या महिन्यापर्यंत ६६ टक्क्यांनी उतरलेलं वजन पुरतं टिकवलं. एकटे येऊन नेहमीचाच कार्यक्रम करणाऱ्यांत हेच आकडे ७६ आणि २४ टक्के होते. तीन मित्र जमवू शकणारी माणसं मुळातच वेगळी असतील, ही शंका रास्त आहे आणि ती संशोधकांनाही ठाऊक असते. तरी फरक दुर्लक्ष करण्याइतका लहान नाही. पैशांच्या ओढीने वजन उतरतं, पण टिकवायला माणसं लागतात, असा या दोन अभ्यासांचा एकत्र रोख दिसतो.

इम्प्रोव्हवाल्यांकडे ही माणसं आयती असतात, शिवाय एक शिस्तही असते. या कलेचं मूळच खेळात आहे. व्हायोला स्पोलिन या शिक्षिकेने शिकागोत मुलांसाठी नाट्यखेळ रचले. पुढे त्यांचाच मुलगा पॉल सिल्स ‘द सेकंड सिटी’च्या संस्थापकांपैकी एक झाला. ‘हो, आणि...’ हा या कलेचा पायाभूत नियम. सोबत्याने जे मांडलं ते नाकारायचं नाही, त्यात आपली भर घालायची आणि समोरचा खुलून दिसेल असं खेळायचं. कीथ जॉनस्टन या नाट्यशिक्षकाने १९७०च्या दशकात कॅनडातल्या कॅल्गरीत ‘थिएटरस्पोर्ट्स’ सुरू केलं, तेव्हा त्याच्या डोळ्यांसमोर व्यावसायिक कुस्तीचा फड होता. दोन टीम, गुण देणारे पंच, आरडाओरडा करणारे प्रेक्षक. प्रवेश कंटाळवाणा झाला की पंच भोंगा वाजवतात आणि कलाकारांना खाली उतरावं लागतं. कुणी पातळी सोडली तर त्याला डोक्यावर टोपली घालून बाजूला बसावं लागतं. पण जॉनस्टनचा आग्रह असा, की हरणाऱ्याने हसत हसत हरावं. स्पर्धा लुटुपुटीची, खरं काम एकमेकांना सांभाळण्याचं.

वजनाच्या स्पर्धेत नेमकी हीच गोष्ट हातून निसटते. एखाद्या आठवड्यात काटा ढिम्म हलत नाही. मीठ जास्त गेलं, पाणी साठलं, पाळी आली, पोट साफ झालं नाही, एवढ्यानेही किलो-दीड किलो इकडचं तिकडे होतं. ज्याला प्रवेश फसण्याची सवय आहे तो हे बहुधा सहज घेईल. मिशिगन विद्यापीठातल्या संशोधकांच्या २०२०च्या अभ्यासात २० मिनिटांच्या इम्प्रोव्हनंतर लोकांची अनिश्चितता सोसण्याची तयारी वाढलेली आढळली होती. कार्यालयातल्या हिशेब विभागात मात्र अशी तालीम झालेली नसते.

तिथे मग टोमणे सुरू होतात. ‘तुझ्यामुळे हरलो’ हे वाक्य विनोदाच्या सुरात म्हटलं तरी लागायचं तिथे लागतं. अमेरिकेत सहा हजारांहून अधिक प्रौढांवर झालेल्या २०१३च्या अभ्यासात असं दिसलं, की सुरुवातीला लठ्ठ नसलेल्या ज्या लोकांना वजनावरून हिणवलं गेलं किंवा वेगळी वागणूक मिळाली, ते पुढच्या चार वर्षांत लठ्ठ होण्याची शक्यता सुमारे अडीच पट होती. चिडवल्याने माणूस ‘सुधारतो’ हा समज घरोघरी आहे. पुरावा त्याच्या उलट बाजूला झुकतो.

दुसरा धोका घाईचा. ‘द बिगेस्ट लूझर’ या अमेरिकी टीव्ही स्पर्धेतल्या १४ जणांची केव्हिन हॉल आणि सहकाऱ्यांनी सहा वर्षांनी पुन्हा तपासणी केली. २०१६ मध्ये प्रसिद्ध झालेले ते आकडे आजही चटका लावतात. स्पर्धेत सरासरी ५८ किलो उतरले होते, त्यांतले ४१ परत आले. शिवाय विश्रांतीच्या अवस्थेत त्यांचं शरीर अपेक्षेपेक्षा रोज सुमारे ५०० कॅलरी कमी खर्च करत होतं. म्हणजे जवळपास एका जेवणाइतकी ऊर्जा शरीर सहा वर्षांनंतरही वाचवत होतं. भूक आवरणारं लेप्टिन हे संप्रेरकही पूर्वीपेक्षा कमीच राहिलं होतं.

घाईचं आणखी भयंकर रूप कुस्तीत दिसलं. १९९७च्या अखेरीस अमेरिकेतल्या तीन महाविद्यालयीन मल्लांचा वजनगटात बसण्यासाठी शरीरातलं पाणी काढण्याच्या खटाटोपात मृत्यू झाला. त्यानंतर तिथले नियम बदलले. मैत्रीच्या पैजेत एवढं कुणी करत नाही, पण वजनाच्या आदल्या दिवशी पाणी बंद करणारे महाभाग प्रत्येक गटात निघतात. शरीरात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनसोबत सुमारे ३ ग्रॅम पाणी असतं, म्हणून जेवण तोडलं की पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो. उतरलेलं असतं ते बरंचसं पाणीच.

पुण्या-मुंबईच्या कंपन्यांत आणि सोसायट्यांच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर आता पावलांच्या आणि किलोंच्या पैजा लागतातच. त्यांनी निदान गुण देण्याची रीत तरी विचारपूर्वक ठरवावी. किलो मोजण्यापेक्षा टक्के मोजावेत. ३ किलो म्हणजे १०० किलोच्या गृहस्थांचे ३ टक्के आणि ६० किलोच्या बाईंचे ५ टक्के. आठवड्याला अर्धा-पाऊण किलोपलीकडे उतरलं तर त्याचे वेगळे गुण देऊ नयेत. काही गुण चालण्याला, भाजीला, वेळेवर झोपण्यालाही द्यावेत. त्याला भारतीय आधार आहे. चेन्नईत मधुमेहाच्या उंबरठ्यावरच्या ५३१ जणांवर झालेल्या आणि २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात आहार आणि हालचाल बदलल्याने मधुमेह होण्याचं प्रमाण २८.५ टक्क्यांनी घटलं, तेही वजनात म्हणावा तसा फरक न पडता. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या घेणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय अशा पैजेत उतरू नये. गरोदर स्त्रियांना आणि ज्यांना पूर्वी खाण्यासंबंधीचा मानसिक आजार झाला आहे त्यांना आग्रहही करू नये.

उरतो तेरावा आठवडा. अमेरिकेत १९९४ पासून वजन टिकवणाऱ्यांची एक राष्ट्रीय नोंदवही चालू आहे. किमान साडेतेरा किलो उतरवून ते वर्षभर टिकवल्याशिवाय तिच्यात नाव लागत नाही. त्या लोकांचा व्यायाम रोज सरासरी तासभराचा असतो आणि सुमारे तीन चतुर्थांश लोक आठवड्यातून निदान एकदा वजन करतात. इम्प्रोव्हच्या टोळीची तालीम तशीही दर आठवड्याला असतेच. काटा तालमीच्या खोलीत एका कोपऱ्यात पडून राहिला तर बिघडणार नाही, गुणफलक पुसला गेला असला तरी. आणि प्रयोगानंतरच्या गप्पांना पिझ्झाच लागतो असं कुठल्याच नियमात लिहिलेलं नाही.