पाकिटावरील चौकट

आपल्या घरच्या फडताळात बिस्किटांचा एखादा पुडा असेलच. क्षणभर तो उलटा करून पाहा. मागच्या बाजूस, बहुधा इतक्या बारीक अक्षरांत की घरातील वडीलधाऱ्यांना चष्मा पुसून घ्यावा लागेल, एक चौकट छापलेली आढळेल. शंभर ग्रॅम बिस्किटांत ऊर्जा किती, प्रथिने किती, साखर किती, स्निग्धांश किती, याचा तो ताळेबंद होय. पुडा विकत घेताना आपण किंमत पाहतो, फार तर तारीख पाहतो. ही चौकट मात्र आपल्यापैकी थोडेच लोक वाचतात. तथापि ती तेथे आपोआप उगवलेली नाही. आपल्या देशात अशी माहिती छापण्याचे बंधन अन्न सुरक्षा व मानके कायद्याखालील नियमांत घातलेले आहे. अमेरिकेत ती चौकट मे १९९४ पासून जवळजवळ प्रत्येक बंद पाकिटावर दिसू लागली, आणि तीही ८ नोव्हेंबर १९९० रोजी संमत झालेल्या एका कायद्याच्या बळावर. त्या कायद्यासाठी प्रतिनिधिगृहात ज्याने कंबर कसली, त्या हेन्री वॅक्समन नावाच्या लोकप्रतिनिधीची ओळख आज वाचकांना करून द्यावयाची आहे.

वॅक्समन १९७५ च्या जानेवारीत अमेरिकन काँग्रेसच्या प्रतिनिधिगृहात दाखल झाले आणि चाळीस वर्षांनी, २०१५ च्या जानेवारीत, तेथून बाहेर पडले. पुढील निवडणूक आपण लढविणार नाही, असे त्यांनी ३० जानेवारी २०१४ रोजी जाहीर केले, तेव्हा ग्राहकांच्या हितासाठी झगडणाऱ्या संस्थांनी त्यांच्या कार्याचा मनापासून गौरव केला. या संस्थांत वॉशिंग्टन येथील 'सेंटर फॉर सायन्स इन द पब्लिक इंटरेस्ट' ही एक प्रमुख होती. मायकेल जेकबसन या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञाने दोन सहकाऱ्यांसह १९७१ मध्ये स्थापिलेली ही संस्था खाद्यपदार्थांच्या जाहिरातींतील खरे-खोटे निवडण्याचे काम करीत आली आहे. आता, ग्राहक-संस्थांचा स्वभाव आपणांस ठाऊकच आहे. उणे काढणे हा त्यांचा नित्याचा उद्योग. आज एखाद्या मंत्र्यावर टीका, उद्या एखाद्या कंपनीवर फिर्याद, असा त्यांचा क्रम चालतो. अशा मंडळींनी एका मुरलेल्या राजकारणी पुरुषाची स्तुती करावी, ही गोष्ट नित्य घडणारी नव्हे. म्हणूनच ती कशाच्या आधारावर केली गेली, हे तपासून पाहण्यासारखे आहे.

वॅक्समन यांचा जन्म १९३९ सालचा. लॉस एंजेलिस शहरातील वॉट्स या भागात त्यांच्या वडिलांचे किराणा दुकान होते आणि कुटुंब दुकानाच्या वरच्या मजल्यावर राहत असे. किराणा दुकानाच्या माथ्यावर वाढलेल्या मुलाच्या हातून पुढे किराणा मालाच्या वेष्टनांचा कायदा व्हावा, हा योगायोग मला मोठा मौजेचा वाटतो. अर्थात त्याला याहून अधिक अर्थ चिकटविण्याचे कारण नाही. ते वकील झाले, प्रथम कॅलिफोर्नियाच्या विधानसभेत गेले आणि १९७४ मध्ये काँग्रेसवर निवडून आले. ठेंगणी मूर्ती, टक्कल आणि ओठांवर मिशी असा हा गृहस्थ. फर्डा वक्ता म्हणून त्यांची ख्याती कधीच नव्हती.

परंतु संसदीय कामकाजातील एक मर्म त्यांनी लवकर ओळखले होते. अमेरिकेत कायद्यांचे खरे घडण भरसभागृहात होत नाही. ते समित्यांच्या खोल्यांत होते. १९७९ मध्ये आरोग्य व पर्यावरण यांचा विचार करणाऱ्या उपसमितीचे अध्यक्षपद रिकामे झाले, तेव्हा वॅक्समन यांनी आपल्याहून ज्येष्ठ सभासदाविरुद्ध उभे राहून ते मिळविले. त्यापूर्वी त्यांनी समितीतील काही सहकाऱ्यांच्या निवडणूक-निधीला देणग्या दिल्या होत्या, आणि त्याबद्दल वृत्तपत्रांनी त्यांना बोलही लावला. हे सांगितले पाहिजे, कारण ज्यांच्याविषयी आपण बोलत आहोत ते साधुपुरुष नव्हते. राजकारणाची अवजारे त्यांनी निःसंकोच वापरली. ती कोणासाठी वापरली, एवढाच प्रश्न उरतो.

त्यांचे सर्वांत धारदार अवजार म्हणजे समितीपुढील जाहीर साक्ष. त्याची एक कथा सांगण्यासारखी आहे. त्यांच्या मतदारसंघातील एका मुलाला टूरेट नावाचा दुर्मिळ विकार होता. त्यावरील औषध अमेरिकेत मिळत नसे; परदेशातून आणलेले औषध जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले. औषध बनविता येत नव्हते असे नाही, परंतु रुग्ण इतके थोडे की ते बनविण्यात कोणत्याही कंपनीला नफा दिसत नव्हता. अशा औषधांना 'अनाथ औषधे' म्हणत. १९८० मध्ये वॅक्समन यांच्या उपसमितीने या प्रश्नावर साक्षी घेतल्या, तेव्हा खोली बहुतांशी रिकामी होती. मात्र एका वृत्तपत्राच्या वार्ताहराने त्याची बातमी दिली. ती वाचून 'क्विन्सी' नावाच्या लोकप्रिय दूरचित्रवाणी मालिकेच्या मंडळींनी या विषयावर एक भाग रचला. मग त्या मालिकेत डॉक्टरची भूमिका करणारे नट जॅक क्लगमन यांनाच वॅक्समन यांनी १९८१ मध्ये साक्षीसाठी बोलाविले. नटाला पाहण्यासाठी छायाचित्रकारांची झुंबड उडाली, आणि नटाच्या शेजारी बसलेल्या रुग्णांचे म्हणणे प्रथमच देशाने ऐकले! जानेवारी १९८३ मध्ये कायदा झाला. दोन लाखांहून कमी रुग्ण असलेल्या रोगावर औषध काढणाऱ्या कंपनीला सात वर्षांचा विक्रीचा एकाधिकार आणि करांत सवलत, असा हा सौदा होता. त्यापूर्वीच्या दशकात अशी दहा औषधेही बाजारात आली नव्हती. त्यानंतर शेकड्यांनी आली. त्यांपैकी काहींच्या किमती पुढे सामान्य माणसाच्या आवाक्याबाहेर गेल्या, हीही या सौद्याची दुसरी बाजू होय.

आपल्या भारतीय वाचकांशी ज्या कायद्याचा निकटचा संबंध आहे, तो १९८४ चा. रिपब्लिकन पक्षाचे सिनेटर ऑरिन हॅच आणि डेमोक्रॅटिक पक्षाचे वॅक्समन या परस्परविरोधी विचारांच्या दोघांनी मिळून तो केला, आणि दोघांच्या नावांनीच तो ओळखला जातो. पेटंटची मुदत संपलेले औषध दुसऱ्या कंपनीला बनवावयाचे असेल, तर तोवर तिला रुग्णांवरील सर्व चाचण्या नव्याने कराव्या लागत. इतका खर्च कोण करणार? परिणामी पेटंट संपूनही जुन्या कंपनीचा मक्ता कायमच राही. नव्या कायद्याने सांगितले की, तुमचे औषध मूळ औषधाप्रमाणेच शरीरात शोषले जाते आणि तेच कार्य करते, एवढे सिद्ध करा, पुरे आहे. त्याच्या मोबदल्यात मूळ औषध शोधणाऱ्या कंपन्यांना पेटंटची मुदत काही अटींवर पाच वर्षांपर्यंत वाढवून मिळाली. १९८४ मध्ये अमेरिकेतील डॉक्टरांच्या दर शंभर चिठ्ठ्यांपैकी सुमारे एकोणीस चिठ्ठ्यांवर जेनेरिक औषध दिले जाई. पुढे हे प्रमाण नव्वदांच्या घरात गेले. त्या दरवाजातून हैदराबाद, अहमदाबाद, मुंबई आणि गोवा येथील कारखान्यांचा मालही अमेरिकेत पोहोचला. आपल्या परिचयातील एखादा तरुण औषधनिर्मितीच्या कारखान्यात रसायनशास्त्रज्ञ असेल, तर या दोन नावांचा कायदा त्याला तोंडपाठ असेल.

पळवाटा निघाल्या, त्याही याच कायद्यातून. औषधात किरकोळ फेरफार करून नवे पेटंट घेणे, किंवा जेनेरिक कंपनीला पैसे देऊन तिचा माल लांबणीवर टाकविणे, असे प्रकार सुरू झाले. वॅक्समन यांनी स्वतः त्यांवर कठोर टीका केली.

आता पुन्हा आपल्या चौकटीकडे वळू. १९८० च्या दशकात अमेरिकन दुकानांतील पाकिटांवर 'कोलेस्टेरॉलरहित', 'हलके', 'हृदयास हितकर' अशा घोषणांचा सुळसुळाट झाला होता. शेंगदाण्यासारख्या वनस्पतिजन्य पदार्थांत कोलेस्टेरॉल मुळातच नसते; तरी त्यांच्या डब्यांवर ते नसल्याची बढाई छापलेली असे, आणि त्यातील स्निग्धांशाविषयी मौन पाळले जाई. जो कारखानदार पोषणाविषयी काही दावा करील, त्यानेच तपशील छापावा, असा जुना नियम होता. दावा न करणाऱ्यावर बंधन नव्हते. जेकबसन यांच्या संस्थेसारख्या संघटना वर्षानुवर्षे यासंबंधी ओरडत होत्या. वॅक्समन यांनी त्यांचे गाऱ्हाणे विधेयकाच्या भाषेत आणले, आणि सिनेटमध्ये हॉवर्ड मेट्झेनबॉम यांनी बाजू उचलली. खाद्यपदार्थांच्या व्यापाऱ्यांनी विरोध केला. परंतु प्रत्येक राज्याचा नियम निराळा होण्यापेक्षा देशभर एकच नियम बरा, या विचाराने अखेर ते नमले. उपाहारगृहे आणि ताजे मांस यांना मात्र या कायद्यातून वगळावे लागले.

१९९० चा तो नोव्हेंबर महिना वॅक्समन यांच्या जीवनातील सुगीचा म्हटला पाहिजे. ५ तारखेच्या एका कायद्याने गरीब कुटुंबांतील मुलांना सरकारी वैद्यकीय साहाय्य अठरा वर्षे वयापर्यंत मिळण्याची व्यवस्था झाली. खर्च एकदम अंगावर येऊ नये म्हणून दर वर्षी वयाचे एकेक वर्ष वाढवीत न्यावयाचे, अशी ती युक्ती होती. ८ तारखेस वेष्टनांचा कायदा झाला. आणि १५ तारखेस स्वच्छ हवेच्या कायद्यातील व्यापक सुधारणा संमत झाली. या शेवटच्या गोष्टीला दहा वर्षांचा इतिहास होता. १९८२ मध्ये मोटार-उद्योगाचे कैवारी जॉन डिंगेल जुना कायदा सैल करू पाहत होते, तेव्हा वॅक्समन यांनी सहाशे दुरुस्त्या तयार करविल्या आणि त्यांचे गठ्ठे वाणसामानाच्या ढकलगाड्यांतून समितीच्या खोलीत आणले. ते विधेयक तेथेच रुतले!

या हवेच्या प्रश्नात आपल्या भूमीवरील एका महान आपत्तीचाही धागा गुंतला आहे. ३ डिसेंबर १९८४ च्या पहाटे भोपाळमध्ये जे घडले, ते आपणांस सांगावयास नको. दुर्घटनेला पुरते दोन आठवडेही झाले नव्हते, तोच १४ डिसेंबर रोजी वॅक्समन यांची उपसमिती पश्चिम व्हर्जिनियातील इन्स्टिट्यूट या गावी जाऊन बसली. कारण युनियन कार्बाइड कंपनीचा तोच विषारी वायू निर्माण करणारा कारखाना तेथे होता, आणि गावकरी भयभीत झाले होते. पुढे त्या कारखान्यातील सुरक्षेविषयी कंपनीच्याच अंतर्गत तपासणीत निघालेले दोष वॅक्समन यांनी जनतेपुढे मांडले. आपल्या शेजारच्या कारखान्यात कोणती विषारी द्रव्ये आहेत हे जाणण्याचा अधिकार अमेरिकन नागरिकाला १९८६ मध्ये मिळाला. मागील वीस वर्षांत तेथील सरकारने अवघ्या सात विषारी वायुप्रदूषकांवर मर्यादा घातल्या होत्या; १९९० च्या कायद्यात १८९ द्रव्यांची यादीच जोडली गेली. भोपाळच्या पीडितांना स्वतःला न्याय किती मिळाला, हा प्रश्न मनात आल्यावाचून राहत नाही.

तंबाखूच्या बाबतीत मात्र वॅक्समन यांना फार दीर्घ काळ थांबावे लागले. १४ एप्रिल १९९४ रोजी सात बड्या तंबाखू-कंपन्यांचे प्रमुख त्यांच्यापुढे हात वर करून शपथ घेत उभे राहिले आणि निकोटिनचे व्यसन लागत नाही असे आपले मत असल्याचे एकामागून एक सांगते झाले. ते छायाचित्र जगभर गेले. परंतु त्याच वर्षीच्या निवडणुकीत वॅक्समन यांच्या पक्षाचे बहुमत गेले, अध्यक्षपद गेले आणि चौकशी थांबली. सिगारेटवर नियंत्रणाचा अधिकार अन्न व औषध प्रशासनाला कायद्याने दिलेला नाही, असा निर्णय तेथील सर्वोच्च न्यायालयाने २००० मध्ये दिला. तो अधिकार देणारा वॅक्समन यांचा कायदा झाला जून २००९ मध्ये, म्हणजे शपथविधीच्या त्या दिवसानंतर पंधरा वर्षांनी.

पराभवही त्यांच्या वाट्याला आले. १९८४ मध्ये ज्या हॅच यांच्यासमवेत त्यांनी कायदा केला, त्यांनीच १९९४ मध्ये जीवनसत्त्वांच्या गोळ्या आणि तत्सम पूरक पदार्थांना कडक नियमांतून मोकळे करणारा कायदा करून घेतला; वॅक्समन आणि ग्राहक-संस्था यांचा विरोध फिका पडला. हवामानबदलावरील त्यांचे विधेयक २००९ मध्ये प्रतिनिधिगृहात २१९ विरुद्ध २१२ मतांनी संमत झाले आणि सिनेटमध्ये विरले. निवृत्तीनंतर ते आपल्या मुलाच्या सल्लागार संस्थेत गेले. संसदेबाहेर राहून संसदेवर प्रभाव पाडण्याचा हा व्यवसाय सर्वांनाच रुचला असे नाही.

पाकिटावरील त्या चौकटीची गोष्ट मात्र तेथे थांबली नाही. पदार्थात मुळातली साखर किती आणि वरून घातलेली साखर किती, हे वेगळे छापावे, अशी मागणी जेकबसन यांच्या संस्थेने १९९९ मध्ये अर्ज करून केली होती. तो नियम २०१६ मध्ये निघाला, आणि मोठ्या कंपन्यांच्या पाकिटांवर ती एक ओळ बंधनकारक झाली १ जानेवारी २०२० पासून. तोवर वॅक्समन यांना सभागृह सोडून पाच वर्षे लोटली होती.