नाचघरातील वाद्यवृंद

नाचघर म्हटले की आपल्याकडील सभ्य गृहस्थाच्या कपाळाला आठी पडते. मद्याचे पेले, परकी वाद्ये आणि हातात हात घालून फिरणारी जोडपी, एवढेच चित्र त्याच्या डोळ्यांपुढे उभे राहते. परंतु त्याच गृहस्थाच्या नातवाची वरात छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यातून निघावी आणि बँडवाल्याने ट्रंपेटवर ‘अलबेला’ चित्रपटातील एखादी चाल धरावी, म्हणजे त्याचाही पाय नकळत ठेका देऊ लागतो. या ठेक्याचे मूळ शोधू गेल्यास मुंबईच्या नाचघराच्या दारापर्यंत जावे लागते.

मुंबईचे ताजमहाल हॉटेल १९०३ साली उघडले. तेथील नृत्यदालनात १९३५ च्या सुमारास लिऑन ॲबी हा कृष्णवर्णीय अमेरिकन व्हायोलिनवादक आपला ताफा घेऊन आला. त्याच्या मागोमाग क्रिकेट स्मिथ हा ट्रंपेटवादक आणि टेडी वेदरफोर्ड हा पियानोवादक आला. वेदरफोर्डने शिकागोत नाव मिळविले होते व शांघायची नाचघरे गाजविली होती; १९४५ साली कलकत्त्यात पटकीने त्याचा अंत झाला. या कलावंतांच्या मायदेशी वर्णभेदाचा जाच असा होता की, ज्या हॉटेलात त्यांनी वाजवावे, तेथेच पाहुणा म्हणून उतरण्याची त्यांना पुष्कळदा बंदी असे.

अशा नाचघरातील एका रात्रीत सारे जग एकवटलेले असे. वॉल्ट्झ मध्य युरोपातील, फॉक्सट्रॉट अमेरिकेचा, टँगो अर्जेंटिनाचा, तर रुंबा क्यूबा बेटावरचा. ही नृत्ये वरवर अनोळखी वाटली, तरी त्यांचे गणित आपल्या तालाहून फार दूरचे नाही. वॉल्ट्झमध्ये तीन-तीन मात्रांचे गट पडतात आणि प्रत्येक गटाच्या पहिल्या मात्रेवर जोर असतो. आपल्या दादऱ्याच्या सहा मात्राही तीन-तीन अशाच विभागलेल्या आहेत. फॉक्सट्रॉट चार मात्रांचा. त्यात सावकाश आणि जलद पावलांची गुंफण असते. जॅझचा वादक मात्र एक खोडी करतो. कानाला जेथे आघात अपेक्षित आहे, तेथे तो न देता किंचित अलीकडे अथवा पलीकडे देतो. त्यामुळे ऐकणाऱ्याच्या अंगात एक ओढ उत्पन्न होते व पाय आपोआप हलू लागतो. शिवाय, ठरलेल्या चालीच्या चौकटीत राहून ऐनवेळी नवे स्वर रचण्याची मुभा त्याला असते. ख्यालगायक बंदिशीभोवती आलाप-ताना रचतो, त्याच जातीचे हे कौशल्य होय.

अमेरिकन ताफे आले आणि गेले. परंतु ही विद्या येथे रुजविली ती गोव्याच्या वादकांनी. पोर्तुगीज अमलातील गोव्यात चर्चच्या शाळांतून मुलांना स्वरलिपी व व्हायोलिन शिकवीत. विद्या हाती होती, पण गावी पोटापुरते काम नव्हते. म्हणून हे तरुण मुंबईस आले. हळदोण्याचे अँतोनिओ शाव्हिएर वाझ हे त्यांपैकीच. ‘चिक चॉकलेट’ या नावाने ते प्रसिद्धीस आले आणि त्यांच्या ट्रंपेटमुळे लोक त्यांना हिंदुस्थानचे लुई आर्मस्ट्राँग म्हणू लागले.

रात्री नाचघरात वाजविणारे हे हात दिवसा चित्रपटांच्या ध्वनिमुद्रणात गुंतले. पुणतांब्याचे रामचंद्र चितळकर, म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र, यांनी त्यांचे मोल ओळखले. १९५१ च्या ‘अलबेला’त चिक चॉकलेट त्यांच्या साहाय्यास होते व पडद्यावरही ते आपल्या साथीदारांसह दिसतात. संगीतकाराला सुचलेली चाल बहुधा एकेरी असे. कोणत्या वाद्याने कोणता स्वर केव्हा धरावा, हे कागदावर मांडून तिचा वाद्यवृंद उभा करणे, हे वेगळेच शास्त्र होते. सेबॅस्टियन डिसोझा, फ्रँक फर्नांड आणि माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस यांनी ते चित्रपटसंगीतात आणले. १९४९ च्या दारूबंदी कायद्यानंतर मुंबईच्या नाचघरांचा बहर ओसरू लागला, तेव्हा अनेक वादकांना चित्रपटांचाच आधार उरला.

तथापि या मंडळींची नावे श्रेयनामावलीत क्वचितच झळकली. गवयाच्या घराण्याची परंपरा आपण तीन-तीन पिढ्या मागे जाऊन अभिमानाने सांगतो. पण ज्यांनी आपल्या कानांना नवे वळण लावले, त्या वादकांची वंशावळ कोणी लिहून ठेवली नाही. १९७७ च्या ‘अमर अकबर अँथनी’ चित्रपटातील गाण्यामुळे अँथनी गोन्साल्विस हे नाव घरोघरी पोहोचले. ते नाव एका खऱ्या व्हायोलिनशिक्षकाचे आहे, आणि संगीतकार प्यारेलाल यांनी आपल्या या गुरूला त्या गाण्यातून वंदन केले आहे, हे मात्र ते गाणे गुणगुणणाऱ्यांपैकी थोड्यांनाच ठाऊक असते.