मेंदूच्या चित्रांचा सातबारा

पुणे जिल्ह्यातल्या कन्हेरी गावात कुणाला फिट येऊ लागली किंवा लकव्याचा झटका आला, की डोक्याचा एमआरआय बारामतीत निघतो आणि पुढच्या सल्ल्यासाठी फाईल पुण्याला जाते. पिशवीत काळ्या फिल्म, रिपोर्ट आणि एक सीडी. पुण्यातले डॉक्टर ती सीडी संगणकात घालतात आणि भलत्याच कंपनीच्या यंत्राने काढलेली चित्रं बिनतक्रार उघडतात. यामागे जुनी खटपट आहे. १९८३ साली अमेरिकेतले रेडिओलॉजिस्ट आणि यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या एकत्र बसल्या, १९८५मध्ये पहिलं मानक आलं आणि १९९३मध्ये त्याला ‘डायकॉम’ हे नाव मिळालं.

एका रुग्णाच्या उपचारापुरतं डायकॉम चोख आहे. संशोधकाला मात्र शेकडो माणसांचे मेंदू एकाच प्रोग्रामने वाचायचे असतात आणि घोळ तिथे होतो. एका प्रयोगशाळेत फोल्डरला तारखेचं नाव, दुसरीत रुग्णाची आद्याक्षरं, तिसरीत ‘फायनल’ आणि त्याखाली ‘नवीन फायनल’. ते रचणारा विद्यार्थी पीएचडी आटोपून गेला, की कुठलं चित्र कशाचं हे सांगायला कुणी उरत नाही. स्कॅन उत्तम असतात, पण दुसऱ्याच्या उपयोगाचे राहत नाहीत.

जमिनीच्या बाबतीत आपण हा प्रश्न कधीच सोडवला आहे. गाव नमुना सात आणि बारा राज्यभर एकच असल्याने कन्हेरीचा उतारा नांदेडचा तलाठीही वाचू शकतो. मेंदूच्या चित्रांसाठी असा नमुना २०१६मध्ये प्रसिद्ध झाला: ‘ब्रेन इमेजिंग डेटा स्ट्रक्चर’, थोडक्यात ‘बिड्स’. स्टॅनफर्ड विद्यापीठातले क्रिस्तॉफ गोर्गोलेव्स्की, रसेल पोल्ड्रॅक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो मांडला.

नावातच सगळं

बिड्समध्ये प्रत्येक व्यक्तीचं एक फोल्डर असतं. त्यात मेंदूच्या रचनेची चित्रं एकीकडे, कामकाजाची दुसरीकडे. फाईलचं नाव असं: ‘सब-०१_टास्क-रेस्ट_बोल्ड’. म्हणजे पहिली व्यक्ती, ती नुसती पडून होती आणि मोजला तो रक्तातल्या ऑक्सिजनवर बेतलेला संकेत. शेजारच्या छोट्या मजकूर-फाईलमध्ये यंत्राच्या मोजण्या लिहिलेल्या असतात.

त्यातली एकच मोजणी पाहू. मेंदूचं पूर्ण चित्र किती वेळाने पुन्हा घेतलं, तो काळ डायकॉम मिलिसेकंदांत नोंदवतं, तर बिड्स सेकंदांतच मागतं. २ सेकंदांच्या जागी २००० तसंच राहिलं, तर पुढचं सगळं गणित कोसळतं. अशा चुका तपासणारा ‘व्हॅलिडेटर’ फुकट मिळतो. ‘ओपनन्यूरो’ या खुल्या साठ्यात तर त्याच्या चाचणीत पास झाल्याशिवाय काही चढवताच येत नाही.

आपली चित्रं कुठे आहेत?

मानकांचं काम पुणे जिल्ह्याला परकं नाही. आरोग्य नोंदींच्या मानकांसाठीचं केंद्र सरकारचं राष्ट्रीय संसाधन केंद्र पुण्याच्या सी-डॅकमध्येच आहे. भारताची ई-आरोग्य नोंदींची मानकं २०१३मध्ये आली, २०१६मध्ये सुधारली आणि त्यांत चित्रांसाठी डायकॉमच ठरलं. उपचाराची बाजू यामुळे सावरली. संशोधनाची अजून ज्याच्या त्याच्या मर्जीवर आहे.

विखुरलेल्या स्कॅनमधून आपला मोठा साठा उभा राहत नाही आणि त्याची किंमत आपणच मोजतो. जगभरातले स्कॅन बहुधा कॅनडातल्या माँट्रियल इथे पाश्चात्त्य मेंदूंवरून बनलेल्या साच्याशी ताडून पाहिले जातात. हैदराबादच्या ट्रिपल आयटीने २०१९मध्ये १०० भारतीय तरुणांच्या स्कॅनवरून स्वतंत्र नकाशा बनवला, तेव्हा आपले मेंदू त्या साच्याहून सरासरीने आकाराने लहान दिसले. वयामुळे मेंदू आकसतो आणि स्मृतिभ्रंशातही आकसतो; तेव्हा चुकीची फूटपट्टी लावली, तर निदानच भरकटू शकतं. कर्नाटकातल्या श्रीनिवासपूर तालुक्यात ४५ वर्षांपुढच्या १०,००० ग्रामस्थांचा मागोवा घ्यायचं काम बंगळूरचं सेंटर फॉर ब्रेन रिसर्च करत आहे; त्यातून ग्रामीण मेंदूची आपली फूटपट्टीही मिळू शकते.

अशा चित्रांची देवाणघेवाण म्हटली की भीतीही रास्त आहे. नुसतं नाव खोडून भागत नाही. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २०१९मध्ये दाखवलं, की डोक्याच्या एमआरआयवरून चेहरा उभा करून ८४पैकी ७० जणांना संगणकाने त्यांच्या फोटोंवरून ओळखलं. म्हणून चित्र बाहेर जाण्याआधी त्यातला चेहऱ्याचा भाग पुसून टाकतात. आपल्याकडे २०२३चा वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा आहेच आणि रुग्णाची लेखी संमती तर हवीच.

सुरुवात अवघड नाही. राज्यातला रेडिओलॉजीचा प्रत्येक एमडी विद्यार्थी प्रबंध लिहितो आणि त्यातले कित्येक स्कॅन पदवीनंतर कुठल्यातरी हार्ड डिस्कवर पडून राहतात. मेंदूवरच्या प्रबंधासोबत संमती घेतलेले, चेहरा पुसलेले स्कॅन बिड्सच्या रचनेत जमा करावेत, एवढी अट नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाने घातली, तर दरवर्षी महाराष्ट्राच्या मेंदूंचा साठा वाढत जाईल. सॉफ्टवेअर फुकट आहे, यंत्रं चालूच आहेत. उरते ती एका परिपत्रकाची गोष्ट.