पगारातून कापलेला रुपया



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावर बहुधा विद्वान मंडळी बोलतात. माझे शिक्षण शाळेत थोडे आणि कामगारांच्या सभांतून, सार्वजनिक वाचनालयातून व कायद्याच्या पुस्तकांतून जास्त झाले. म्हणून अर्थशास्त्र शिकविण्याचा माझा अधिकार नाही. मी आज फक्त एका रुपयाचा प्रवास सांगणार आहे. हा रुपया नोकरदाराच्या पगारातून कापला जातो आणि आपल्या केनवडसारख्या गावातील मजुराच्या हाती मजुरी म्हणून पडावा, असा त्यामागचा हेतू होता. शासनाचे करविषयक धोरण या प्रवासाच्या एका टोकाला आहे आणि बँकांविषयीचे धोरण दुसऱ्या टोकाला.

माझ्या लहानपणी, १९८२-८३ च्या सुमारास, माझी आई पाझर तलावाच्या मातीकामावर जात असे. तेव्हा आपला भाग अकोला जिल्ह्यात होता. वाशीम जिल्हा १ जुलै १९९८ रोजी वेगळा झाला. दुपारी मी तिची भाकर घेऊन जाई. मुकादम हजेरीपटावर तिचा अंगठा घेई. पैसे कोण देतो, असे मी विचारले, तेव्हा ती एवढेच म्हणाली, "सरकार देते, बाबू." सरकार कोठून देते, हा प्रश्न तिला पडला नाही आणि मलाही पडला नाही.

पुढे मी एका कारखान्यात लागलो. पहिल्या पगाराच्या चिठ्ठीत 'व्यवसाय कर' म्हणून काही रक्कम वजा झालेली होती. मी चिडलो. मी व्यवसाय करीत नाही, घाम गाळतो. मग हा कर कशाचा? आमच्या युनियनमधील एका वयस्कर सहकाऱ्याने मला बाजूला घेऊन सांगितले, "अरे, तुझी माय ज्या तलावावर माती वाहत होती, त्या मजुरीसाठी हा कर बसविला आहे." त्या दिवशी पगाराची चिठ्ठी वाचावयास मी शिकलो.

आता इतिहास थोडक्यात सांगतो. वि. स. पागे हे अनेक वर्षे आपल्या विधान परिषदेचे सभापती होते. हात आहेत आणि काम मागण्याची तयारी आहे, त्याला शासनाने काम दिलेच पाहिजे, हा विचार त्यांनी मांडला आणि सांगली जिल्ह्यातील तासगाव तालुक्यात त्याचा प्रयोग झाला. १९७२ च्या दुष्काळात राज्याने ही योजना हाती घेतली. १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला. मागणी केल्यापासून पंधरा दिवसांत काम, नाही तर बेकारभत्ता, असे त्याचे सूत्र होते. काम मागणे हा हक्क आहे, ही गोष्ट महाराष्ट्राने देशाच्या कायद्याच्या सुमारे तीस वर्षे आधी मान्य केली, ही अभिमानाची बाब आहे.

परंतु हक्काला पैसा लागतो. म्हणून १९७५ साली व्यवसाय कराचा कायदा झाला. त्याच्या जोडीला मोटारवाहनांवर, बागायत जमिनीवर, विक्रीकरावर आणि शहरांतील बिनरहिवासी इमारतींवर वाढीव आकारणी ठेवण्यात आली, आणि करांतून जेवढे जमेल तेवढीच भर राज्याने आपल्या तिजोरीतून टाकावयाची असे ठरले. म्हणजे शहरातील कारकून, गिरणीकामगार, वकील, डॉक्टर व दुकानदार यांनी खेड्यातील बेकार मजुराच्या कामाचा भार उचलावा, अशी ही रचना होती. कामगार चळवळीत काम करणाऱ्या माणसाला ही रचना आवडल्याखेरीज राहत नाही.

तथापि या करात एक मोठा दोष आहे आणि तो आपण समजून घेतला पाहिजे. राज्यघटनेच्या २७६ व्या अनुच्छेदाने या कराला वर्षाकाठी कमाल मर्यादा घातली आहे. मुळात ती २५० रुपये होती. १९८८ च्या साठाव्या घटनादुरुस्तीने ती २,५०० रुपये झाली आणि आजही तितकीच आहे. महाराष्ट्रात महिना १०,००० रुपयांवर पगार असणाऱ्या पुरुषाकडून दरमहा २०० आणि फेब्रुवारीत ३०० रुपये कापतात. बेरीज २,५०० होते. स्त्रियांना १ एप्रिल २०२३ पासून २५,००० रुपयांपर्यंतच्या मासिक पगारावर हा कर माफ आहे, ही चांगली सुधारणा झाली.

आता हिशेब करून पाहा. दुकानात काम करणाऱ्या ज्या तरुणाला महिना ११,००० रुपये मिळतात, त्याची वर्षाची कमाई १,३२,००० रुपये. त्यातून २,५०० गेले म्हणजे जवळजवळ दोन टक्के गेले. ज्या अधिकाऱ्याला महिना दोन लाख मिळतात, त्याचेही २,५०० च जातात. म्हणजे हजारी एक रुपया. आर्थिक वर्ष २०२५-२६ पासून नव्या करपद्धतीत बारा लाखांपर्यंतच्या पगारावर आयकर भरावा लागत नाही. परंतु महिना अकरा हजार मिळविणारा तरुण व्यवसाय कर मात्र पूर्ण भरतो. आयकर न भरणारा मनुष्य करच भरीत नाही, असे जे सर्रास बोलले जाते, ते किती खोटे आहे हे यावरून दिसेल. मजूरबाईसुद्धा साबणाच्या वडीमागे कर देते. वस्तू व सेवा कर १ जुलै २०१७ रोजी आला. साबणावरील दर १८ टक्क्यांवरून ५ टक्क्यांवर आला तो २२ सप्टेंबर २०२५ रोजी. मधली आठ वर्षे तिने अठरा टक्क्यांनी कर भरला आणि तिला कोणी करदाती म्हटले नाही.

दुसरी गोष्ट मालकांविषयी. कायद्याप्रमाणे हा कर पगारातून कापून शासनाकडे भरण्याची जबाबदारी मालकाची आहे. त्याने कापला नाही, तरीही भरण्याचे दायित्व त्याचेच राहते. संघटनेच्या कामात मला एक छोटा कारखाना असा आढळला, की तेथे पगारातून कर नियमित कापला जाई, पण पगाराची चिठ्ठी कोणालाच मिळत नसे. आम्ही कर भरल्याच्या चलनाची नक्कल मागितली. तीन महिने टोलवाटोलवी झाली. शेवटी चिठ्ठ्या सुरू झाल्या. परंतु मागच्या पैशांचे काय झाले, ते आम्हाला अखेरपर्यंत समजले नाही. तेव्हापासून प्रत्येक सभेत मी सांगतो: चिठ्ठीवाचून पगार घेऊ नका.

आता रुपया दुसऱ्या टोकाला येऊ द्या. आईच्या काळी मजुरी कामावरच रोख वाटली जाई आणि वाटपात हातचलाखी होई. २००५ साली संसदेने देशासाठी रोजगार हमीचा कायदा केला. त्यात अकुशल मजुरीचा भार शंभर दिवसांपर्यंत केंद्राने घेतला. पुढील दिवसांचा खर्च महाराष्ट्र शासनाकडे राहिला. २००८ पासून मजुरी बँकेच्या किंवा पोस्टाच्या खात्यावर जमा होऊ लागली. मुकादमाच्या हातून पैसा सुटला, हे मोठेच काम झाले.

परंतु खाते म्हणजे बँक नव्हे. १९ जुलै १९६९ रोजी चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले. २ ऑक्टोबर १९७५ रोजी पहिल्या ग्रामीण बँका निघाल्या. व्यवसाय कराचे सालही तेच, हे लक्षात घेण्यासारखे आहे. २०१२ साली रिझर्व्ह बँकेने किमान शिलकीची अट नसलेले मूलभूत बचत खाते देण्यास बँकांना सांगितले. २८ ऑगस्ट २०१४ रोजी जनधन योजना आली आणि पुढे ५० कोटींहून अधिक खाती उघडली. दार उघडले, हे मान्य केलेच पाहिजे. पण दारापर्यंत जावयाचे कसे? शाखा दूर असते, एस. टी.चे भाडे पडते आणि दिवसाचा रोज बुडतो. गावातील बँकमित्राच्या यंत्रावर अंगठा लावावा, तर माती उपसून झिजलेली बोटे यंत्र ओळखीत नाही. १ जानेवारी २०२४ पासून रोजगार हमीची मजुरी आधारशी जोडलेल्या मार्गानेच देण्याचा नियम झाला. नावातील एका अक्षराच्या फरकाने पैसा अडून राहू लागला. ज्या अंगठ्याने माझ्या आईला हजेरीपटावर मजुरी मिळाली, तोच अंगठा आता तिच्यासारख्या बायांच्या आड येतो.

त्यातच बँकांची नावे बदलतात. विदर्भ कोकण ग्रामीण बँक १ मे २०२५ पासून महाराष्ट्र ग्रामीण बँकेत विलीन झाली. नाव बदलले म्हणून ठेव बुडाली, असे समजून घाबरण्याचे कारण नाही. ठेवींची जबाबदारी विलीनीकरणानंतरच्या बँकेवर येते. पण हे म्हाताऱ्या बाईला कोणी तरी तिच्या भाषेत सांगावयास हवे. ते काम जाहिरातीने होत नाही, शेजाऱ्याने होते.

डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने २००५ च्या कायद्याच्या जागी नवा कायदा संमत केला. त्यात १२५ दिवसांची हमी आहे. मात्र महाराष्ट्रासारख्या राज्यांनी खर्चाचा ४० टक्के वाटा उचलावयाचा आहे. म्हणजे मजुरीचा भार पुन्हा राज्याच्या तिजोरीकडे येणार. अशा वेळी, ज्या कामासाठी व्यवसाय कर बसविला, त्याच कामावर तो खर्च होतो की नाही, हे विचारण्याचा अधिकार कर देणाऱ्यालाही आहे आणि काम मागणाऱ्यालाही. आजवर हे दोघे एकमेकांना ओळखीत नव्हते. नोकरदार म्हणतो, माझे पैसे फुकट जातात. मजूर म्हणतो, सरकारची मेहेरबानी. दोघांचेही चुकते.

म्हणून चार साध्या गोष्टी सुचवितो. नोकरदारांनी पगाराची चिठ्ठी मागावी व जपून ठेवावी. मजुरांनी कामाची मागणी लेखी करावी आणि तारखेची पोच घेतल्याशिवाय ग्रामपंचायतीतून हलू नये. ज्यांच्या खात्यातून किमान शिलकीचा दंड कापला जातो, त्यांनी आपले खाते मूलभूत बचत खात्यात बदलून मागावे. रिझर्व्ह बँकेने ती सोय ठेवली आहे, आणि त्यातून महिन्याला निदान चार वेळा विनाशुल्क पैसे काढता येतात. आणि शिकलेल्या तरुणांनी आठवड्यातून एक संध्याकाळ शेजारच्या म्हाताऱ्यांची पासबुके वाचून दाखवावी. बँकमित्राने किती दिले आणि खात्यातून किती वजा झाले, हे जुळवून पाहावे. यासाठी पदवी लागत नाही, चष्मा पुरतो.

माझी आई आज नाही. तो पाझर तलाव आहे. पाऊस बरा झाला, की खालच्या विहिरींना अजून पाणी वाढते. त्या पाण्यात मुंबई-पुण्याच्या कोणा अनोळखी कारकुनाचा कापलेला रुपया आहे, हे तिला सांगावयाचे राहून गेले. ते आपल्याला सांगितले.