प्रेषितांची पत्रे आणि कुमारवयीन वाचक : एक भाषाशास्त्रीय विचार

ख्रिस्ती मंडळींच्या रविवारच्या शाळांमधून नव्या कराराचे जे अध्यापन होते, त्यात एक विषमता आढळते. शुभवर्तमानांतील दृष्टांत व प्रसंग मुलांना सहज कळतात; परंतु बारा ते चौदा वर्षांच्या वर्गापुढे प्रेषितांची पत्रे आली की पाठ निर्जीव होतो. नव्या करारातील २७ ग्रंथांपैकी २१ पत्रस्वरूपाचे आहेत. तेव्हा ही अडचण किरकोळ मानता येत नाही.

तिचे एक कारण मानसशास्त्राने पुढे मांडले आहे. अमूर्त विचाराची क्षमता सुमारे अकराव्या-बाराव्या वर्षापासून विकसित होऊ लागते, असे पियाजे यांचे प्रतिपादन होते. त्याच दिशेने रोनाल्ड गोल्डमन यांनी १९६४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात, बायबलचा पुष्कळसा भाग मुलांना अकाली शिकविला जातो, असे मत मांडले. नीतिमत्त्व, कृपा, देहस्वभाव या संज्ञा कुमारांना जड जातात, हे खरेच. परंतु हे स्पष्टीकरण अपुरे आहे. पत्रे कठीण वाटतात याचे दुसरे कारण असे की, ती पत्रे म्हणून वाचलीच जात नाहीत.

बायबलचे आजचे अध्याय तेराव्या शतकाच्या आरंभी स्टीफन लँग्टन यांच्या विभागणीवरून रूढ झाले. नव्या करारातील वचनांचे क्रमांक रोबेर एस्तिएन यांनी १५५१ च्या ग्रीक आवृत्तीत घातले. संदर्भ शोधण्यास ही सोय उत्तम आहे. पण पाठांतरासाठी एक वचन निवडून त्यावर तासभर बोलण्याच्या प्रथेमुळे पत्राचे सुभाषितसंग्रहात रूपांतर होते. कोणी, कोणाला, कोणत्या प्रसंगी लिहिले, हे प्रश्न मागे पडतात. आणि पत्राचा अर्थ तर नेमका त्या प्रश्नांच्या उत्तरांत असतो.

प्रत्येक पत्रपद्धतीला तिचा मायना असतो. ‘तीर्थरूप’ की ‘चिरंजीव’, यावरून लेखक आणि वाचक यांचे नाते मराठी माणसास पहिल्याच ओळीत कळते. इजिप्तमध्ये सापडलेल्या पपायरसांवरील ग्रीक पत्रांतही असाच संकेत दिसतो : आधी लेखकाचे नाव, मग ज्याला लिहावयाचे त्याचे, आणि नंतर ‘खायरेइन’ हा अभिवादनाचा शब्द. या सामग्रीचा नव्या कराराच्या अभ्यासासाठी उपयोग करण्यात आडोल्फ डाइसमान यांचा १९०८ चा ग्रंथ महत्त्वाचा ठरला. याकोबाच्या पत्रात हे रूढ अभिवादन जसेच्या तसे आहे. पौल मात्र त्याऐवजी ध्वनीने जवळचा असा ‘खारिस’, म्हणजे कृपा, हा शब्द वापरतो व त्याला शांतीची जोड देतो. रूढ मायन्यात केलेला हा बदल मुलांस दाखविला, तर ‘कृपा’ ही संज्ञा व्याख्येवाचून त्यांच्या परिचयाची होते.

लेखनिकाचेही तसेच. रोमकरांस पत्राच्या शेवटी तर्तियस हा लेखनिक स्वतःचा नमस्कार कळवितो. गलतीकरांस पत्रात पौल आपण स्वहस्ते मोठ्या अक्षरांत लिहीत असल्याचे सांगतो. कारकुनाने मजकूर लिहावा आणि धन्याने शेवटी चार ओळी स्वदस्तुरे घालाव्यात, ही पद्धत पेशवेकालीन पत्रव्यवहारातही आहे.

मराठी अनुवादातून काही निराळे प्रश्न उद्भवतात. ‘-कर’ हा प्रत्यय पत्रांच्या नावांना मोठा उपकारक आहे : पुणेकर, सातारकर, तसेच करिंथकर. येथे राहणारी माणसे आहेत, हे मुलाला आपोआप कळते. मात्र ‘गलतीकर’ या शब्दात हिंदीच्या परिचयामुळे ‘चूक’ हा अर्थ ऐकू येण्याचा संभव असतो. तेथे गलतिया प्रांताचा नकाशा दाखविणे इष्ट. याहून सूक्ष्म प्रश्न सर्वनामांचा. ग्रीकमध्ये ‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद नाही. मराठी अनुवादकाला प्रत्येक स्थळी निर्णय करावा लागतो. योहानाच्या पहिल्या पत्राच्या आरंभी साक्षीदार बोलतात, म्हणून ‘आम्ही’ योग्य. पुढे पापाविषयी बोलताना लेखक वाचकांसह स्वतःलाही अंतर्भूत करतो, म्हणून ‘आपण’. हे स्थित्यंतर शोधावयास सांगणे हा तेरा वर्षांच्या मुलाच्या आवाक्यातील अभ्यास आहे.

आरंभासाठी फिलेमोनाला लिहिलेले पत्र सर्वांत सोयीचे. त्यात अवघी २५ वचने असून ते एका बैठकीत मोठ्याने वाचून होते. कैदेत असलेला पौल अनेसिम या दासाला त्याचा धनी फिलेमोन याच्याकडे परत पाठवीत आहे. अनेसिम पळून आला होता की अन्य कारणाने दुरावला होता, याविषयी अभ्यासकांत मतभेद आहेत. त्याच्या नावाचा अर्थ ‘उपयोगी’. पूर्वी निरुपयोगी असलेला आता उपयोगी झाला, ही पौलाची कोटी नावाचा अर्थ सांगितल्याखेरीज कळत नाही. दासाचे काही देणे असल्यास ते आपल्या खात्यावर मांडावे, असे पौल सुचवितो; हा शब्दप्रयोग सरळ हिशेबाच्या वहीतला आहे. पत्राचा मुख्य मजकूर एकवचनी ‘तू’ला उद्देशून आहे, तर आरंभीच्या व शेवटच्या आशीर्वादात अनेकवचन येते. मराठी वाचकास ते आदरार्थी वाटेल. वस्तुतः तेथे फिलेमोनाच्या घरी जमणारी सारी मंडळी अभिप्रेत आहे. खासगी विनंती सर्वांच्या कानी पडणार होती. त्या विनंतीचे बळ यातच आहे.

या वाचनपद्धतीचा प्रश्न केवळ भाषिक नाही. कलस्सैकरांस पत्रात दासांनी धन्यांच्या आज्ञेत राहावे, असा उपदेश आहे. तो सुटा वाचला की सनातन नियम ठरतो. अमेरिकेत १८६५ मध्ये गुलामगिरी रद्द होण्यापूर्वी तिचे समर्थक अशा वचनांचा आणि फिलेमोनाच्या पत्राचाही आधार घेत. विरोधक तेच पत्र उलट अर्थाने पुढे करीत. महाराष्ट्रातील पुष्कळ ख्रिस्ती कुटुंबांचे पूर्वज अस्पृश्य गणलेल्या जातींतील होते. त्या घरच्या मुलाने ते वचन संदर्भावाचून पाठ करणे म्हणजे काय, याचा विचार शिक्षकाने केलाच पाहिजे. उपाय त्याच पत्रात आहे : त्याच्या शेवटी अनेसिमाचा उल्लेख विश्वासू व प्रिय बंधू म्हणून येतो, आणि पुढे ते पत्र शेजारच्या मंडळीतही वाचावे अशी सूचना आहे. दोन्ही पत्रे जोडीने वाचली म्हणजे ‘दास’ आणि ‘बंधू’ या दोन शब्दांतील ताण मुलांना स्वतःच जाणवतो. तो ताण शिक्षकाने घाईने मिटवू नये.

फिलेमोनाने काय केले, हे पत्रावरून कळत नाही. म्हणून वर्गातील शेवटचा स्वाध्याय उत्तरपत्राचा असावा : फिलेमोनाच्या वतीने, योग्य मायन्यासह. विद्यार्थी अनेसिमाचा उल्लेख कोणत्या शब्दाने करतो, यावरून त्याला मूळ पत्र किती कळले ते शिक्षकास समजेल.