हरवलेले सहा सेकंद : मोबाइलवरचे चित्रण आणि लिनक्सवरचे संपादन

१ ऑगस्ट २०१४ रोजी पालघर जिल्हा अस्तित्वात आला आणि पालघरजवळचे कोळगाव हे जिल्ह्याच्या मुख्यालयाचे ठिकाण झाले. या कोळगावच्या परिसरातील एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाच्या तयारीसाठी आम्ही गेलो होतो. नववीच्या मुलांनी विषय छान निवडला होता : तिथीवरून भरतीची वेळ कशी काढतात? सातपाटी हे मच्छीमारांचे मोठे गाव तेथून जवळच. मुलांनी तेथे जाऊन एका वृद्ध बाबांची मुलाखत मोबाइलवर चित्रित करून आणली. पावसाळी संध्याकाळ होती, घरात वीज नव्हती, दारातून येईल तेवढाच उजेड. बाबा दहा मिनिटे बोलले. उधाण केव्हा, भांग केव्हा, हे सारे त्यांनी बोटांवर तिथी मोजत सांगितले.

शाळेच्या संगणकावर लिनक्स होते. मोबाइलवर चित्रण व्यवस्थित दिसत होते. पण संगणकावर संपादनाला घेतले तेव्हा गंमत झाली. सुरुवात ठीक होती. हळूहळू मात्र ओठ आणि शब्द यांची फारकत होऊ लागली. शेवटी शेवटी आवाज 'चतुर्थी' म्हणत होता आणि बाबांचे बोट षष्ठीवर पोचले होते! ज्या चित्रफितीतून तिथी शिकवायच्या, तीच चुकीची तिथी दाखवू लागली.

"लिनक्स बिघडलंय," असे मुलांचे मत पडले. "मोबाइलच हलका आहे," असे बाईंचे. दोन्ही निदाने चुकीची होती. मग चूक कोठे होती?

तीन पुडांचा डबा

मोबाइलमधली चित्रणाची फाइल बहुधा 'एमपी ४' या नावाने संपते. हे नाव चित्राचे नव्हे, डब्याचे आहे. जेवणाच्या तीन पुडांच्या डब्याची कल्पना करा. एका पुडात चित्रे, दुसऱ्यात आवाज आणि तिसऱ्यात वेळापत्रक, म्हणजे कोणते चित्र किती वेळ दाखवायचे याची नोंद. डबा बाहेरून पाहून आत कोणती भाजी आहे हे कळत नाही. तसेच 'एमपी ४' एवढ्यावरून आतले चित्र कोणत्या पद्धतीने भरले आहे ते कळत नाही.

चित्रे दाबून का भरावी लागतात, हे साध्या गुणाकाराने दिसते. एका चित्रात, म्हणजे एका फ्रेममध्ये, १९२० गुणिले १०८० ठिपके असतात. प्रत्येक ठिपक्याच्या रंगासाठी ३ बाइट धरले तर एका फ्रेमला सुमारे ६२ लाख बाइट लागतात. सेकंदाला ३० फ्रेम धरल्या तर एका मिनिटाला ११ गिगाबाइटहून अधिक! प्रत्यक्षात मोबाइल हेच मिनिट साधारण दीडशे मेगाबाइटच्या आसपास बसवतो.

हे कसे जमते? मोबाइल प्रत्येक फ्रेम पूर्ण लिहीत नाही. एक फ्रेम पूर्ण लिहितो आणि पुढच्या अनेक फ्रेममध्ये फक्त 'मागच्याप्रमाणेच, पण एवढा बदल' अशी नोंद ठेवतो. या पद्धतीचे एक मानक 'एच. २६४' २००३ साली आले आणि त्याहून अधिक दाबणारे 'एच. २६५' २०१३ साली. आजचे मोबाइल बहुधा या दोहोंपैकी एक वापरतात. चित्रफीत नुसती पाहताना ही युक्ती सोयीची असते, कारण आपण पुढेच जात असतो. संपादनात मात्र मध्येच कोठेतरी कापायचे असते. त्या जागेची फ्रेम हवी असेल तर संगणकाला मागे जाऊन शेवटची पूर्ण फ्रेम शोधावी लागते आणि तेथून सारे बदल क्रमाने लावत यावे लागते. जुना संगणक येथेच अडखळतो.

लिनक्सवर आणखी एक अडचण येते. ही मानके पेटंटने बांधलेली आहेत. त्यामुळे फेडोरासारख्या लिनक्सच्या वितरणांत ती उलगडणारे काही भाग मूळ संचात न देता वेगळे घ्यावे लागतात. उबुंटूमध्येही त्यासाठी एक स्वतंत्र जोडसंच असतो. 'दा विंची रिझॉल्व्ह' या नावाजलेल्या संपादन सॉफ्टवेअरच्या विनामूल्य लिनक्स आवृत्तीत तर अनेक वर्षे एच. २६४ चे चित्रण उघडतच नसे. आवाज आहे पण चित्र काळे, किंवा चित्र आहे पण आवाज नाही, असे झाले की उलगडणारा भाग नाही असे समजावे. त्यात लिनक्सचा वा मोबाइलचा बिघाड नसतो.

अंधार पडला की काय होते?

आमच्या बाबतीत मात्र चित्रही होते आणि आवाजही. घोळ तिसऱ्या पुडात, वेळापत्रकात होता.

मोबाइल सेकंदाला ३० फ्रेम घेतो असे आपण म्हणतो. अशा वेळी एका फ्रेमला जास्तीत जास्त १/३० सेकंद प्रकाश मिळू शकतो. उजेड कमी झाला की एवढा प्रकाश पुरत नाही. मग अनेक मोबाइल प्रत्येक फ्रेमला अधिक वेळ देतात, उदाहरणार्थ १/२४ सेकंद. साहजिकच त्या काळात सेकंदाला २४ फ्रेमच मिळतात. दाराशी कोणी येऊन उजेड अडला की फ्रेम कमी, बाजूला झाला की पुन्हा जास्त. मोबाइल हे लपवत नाही. कोणती फ्रेम किती वेळ टिकली याची नोंद वेळापत्रकात करून ठेवतो. त्या नोंदीप्रमाणे दाखवले, की चित्र आणि आवाज बरोबर जुळतात. म्हणूनच मोबाइलवर सारे ठीक दिसत होते.

संपादनाचे सॉफ्टवेअर मात्र मुळात चित्रपट आणि दूरदर्शन यांच्या परंपरेतले. चित्रपटाच्या सेकंदाला २४ फ्रेम, आपल्याकडच्या दूरदर्शनच्या २५. तेथे गती ठरलेली, म्हणून वेळ मोजायचा तो फ्रेम मोजून. पालघर स्थानकावर बसून कोणी गाड्या मोजाव्यात आणि 'दर तासाला एक गाडी' असे धरून वेळ सांगावी, तसाच हा प्रकार. गाड्या ठरलेल्या अंतराने आल्या तरच वेळ बरोबर निघेल. नाहीतर वेळापत्रकच पाहायला हवे.

आता हिशेब करू. दहा मिनिटे म्हणजे ६०० सेकंद. सेकंदाला ३० प्रमाणे १८,००० फ्रेम हव्यात. अंधारामुळे समजा १७,८२० च मिळाल्या, म्हणजे शेकडा एक कमी. सॉफ्टवेअरने त्या ३० च्या गतीने एकापुढे एक मांडल्या तर चित्र ५९४ सेकंदांत संपते. आवाजाचे नमुने मात्र सेकंदाला ४८,००० या ठरलेल्या गतीनेच घेतलेले असतात; तो पूर्ण ६०० सेकंद चालतो. चित्र सहा सेकंद पुढे! पहिल्या मिनिटाअखेर हा फरक ०.६ सेकंद, दहाव्या मिनिटाअखेर ६. म्हणून सुरुवात ठीक वाटते आणि शेवट बिघडतो. निदानाची ही चांगली खूण आहे : फरक सुरुवातीपासून शेवटपर्यंत सारखाच असेल तर कारण दुसरे काही; वाढत जात असेल तर बदलत्या फ्रेमगतीचा संशय घ्यावा.

उपाय

प्रथम मूळ फाइल जपावी. व्हॉट्सॲपवरून नेहमीप्रमाणे पाठवलेले चित्रण वाटेत पुन्हा दाबले जाते; म्हणून यूएसबी केबल जोडून, मोबाइलवर 'फाइल ट्रान्सफर' निवडून फाइल संगणकावर घ्यावी.

दुसरे, डबा उघडून पाहावा. 'मीडियाइन्फो' हे छोटे, विनामूल्य सॉफ्टवेअर आत कोणते मानक आहे आणि फ्रेमगती स्थिर आहे की बदलती, हे सांगते.

तिसरे, संपादनापूर्वीच फ्रेमगती स्थिर करून घ्यावी. या रूपांतरात संगणक मूळ वेळापत्रक वाचतो आणि सेकंदाच्या प्रत्येक तिसाव्या भागाला कोणती फ्रेम दिसायला हवी ते ठरवतो. जेथे फ्रेम नाही तेथे मागचीच पुन्हा ठेवतो. १७,८२० च्या पुन्हा १८,००० होतात आणि हरवलेले सहा सेकंद परत मिळतात. 'हँडब्रेक'मध्ये त्यासाठी स्थिर फ्रेमगतीचा पर्याय आहे. 'केडेनलाइव्ह' आणि 'शॉटकट' ही लिनक्सवरची मुक्त संपादन सॉफ्टवेअरे तर अशी फाइल दिसताच, संपादनाला सोयीच्या रूपात बदलू का, असे स्वतःच विचारतात. हा प्रश्न घाईने 'नको' म्हणून बंद करण्याची सवय आपल्याला असते. आमच्या मुलांनी नेमके तेच केले होते! या सर्वांच्या पोटात रूपांतराचे काम करणारे सॉफ्टवेअर एकच, 'एफएफएमपेग'. फाब्रिस बेलार यांनी ते २००० साली सुरू केले.

रूपांतर कोणत्या रूपात करावे? प्रत्येक फ्रेम स्वतंत्रपणे लिहिणारे 'डीएनएक्सएचआर'सारखे रूप घेतले तर कापाकापी सुरळीत होते, पण जागा फार लागते. त्याच्या उच्च दर्जाला दहा मिनिटांसाठी सुमारे १६ गिगाबाइट धरावेत. शाळेच्या संगणकात एवढी जागा नसेल तर स्थिर गतीचे एच. २६४ घ्यावे आणि संपादनापुरत्या लहान आकाराच्या प्रती वापराव्यात. केडेनलाइव्हमध्ये त्यांना 'प्रॉक्सी' म्हणतात. अंतिम चित्रफीत तयार होताना सॉफ्टवेअर मोठी फाइलच वापरते.

आणखी एक छोटी गोष्ट. उभ्या मोबाइलचे चित्र कधी कधी संपादनात आडवे पडलेले दिसते. मोबाइल चित्र आडवेच लिहितो आणि 'दाखवताना ९० अंशांतून फिरवा' अशी चिठ्ठी सोबत ठेवतो. सॉफ्टवेअरने चिठ्ठी वाचली नाही, तर आपण हाताने फिरवावे.

गुरुत्व त्वरण १५.३?

हे सारे प्रदर्शनापुरतेच आहे असे मात्र समजू नये. हल्ली अनेक शाळांत पडणाऱ्या चेंडूचे मोबाइलवर चित्रण करून, फ्रेम मोजून गुरुत्व त्वरण काढतात. चेंडू १.२२५ मीटर उंचीवरून सोडला तर तो अर्ध्या सेकंदात जमिनीवर येतो. सेकंदाला ३० फ्रेम असतील तर १५ फ्रेम मिळतील. पण वर्गात अंधार असल्यामुळे मोबाइल २४ च्या गतीने चालला तर मिळतील १२ च. विद्यार्थी १२ ला ३० ने भागणार, वेळ ०.४ सेकंद काढणार आणि सूत्रात घालणार. उत्तर येते १५.३!

अशा वेळी विद्यार्थी काय करतो? बहुधा वहीत मुकाट्याने ९.८ लिहितो. आम्हांला काळजी वाटते ती याची. त्याचे मोजमाप प्रामाणिक होते. फक्त आपले घड्याळ सेकंदाला ३० ठोके देते हे त्याने तपासून न पाहता गृहीत धरले होते. १५.३ हे उत्तर खोडण्याऐवजी 'असे का आले?' हे वर्गात विचारले तर मोजमापाच्या उपकरणाची पारख करणे म्हणजे काय, याचा धडा आपोआप होईल. लक्षात ठेवा, येथे वर सांगितलेले रूपांतर पुरेसे नाही. पुन्हा ठेवलेल्या फ्रेममध्ये चेंडू हवेत थबकलेला दिसेल. मोजमापासाठी भरपूर उजेडातच चित्रण करावे.

करून पाहा

एका मोबाइलवर शतांश सेकंद दाखवणारे स्टॉपवॉच चालू करा आणि दुसऱ्याने त्याचे चित्रण करा. एकदा उन्हात, एकदा खिडक्या लावलेल्या खोलीत. प्रत्येक वेळी सुरुवातीला आणि शेवटी एकेक टाळी वाजवा. मूळ फाइल रूपांतर न करता संगणकावर एक एक फ्रेम पुढे सरकवा आणि स्टॉपवॉचच्या दहा सेकंदांत किती फ्रेम आल्या ते मोजा. दोन्ही आकडे सारखे आले का? आपल्या मोबाइलचे उत्तर दुसऱ्याच्या मोबाइलपेक्षा वेगळे येऊ शकते. वर्गातल्या सर्वांचे आकडे फळ्यावर एकत्र मांडून पाहा.

आणि सातपाटीच्या बाबांचे काय झाले? मुलांनी मूळ फाइल पुसली नव्हती. फ्रेमगती स्थिर करून त्यांनी संपादन पुन्हा केले. 'चतुर्थी' म्हणताना बोट चतुर्थीवरच आले, आणि मग मुलांनी ती चित्रफीत सर्वांत आधी बाबांना नेऊन दाखवली.